धरणगावात व्यसनी निरंक

१८ नोव्हेंबर १९९१, सोमवार

आजपासून धरणगाव व्यसनमुक्त करायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. गावाला अजून कल्पना नाही.

मागच्या आठवड्यात रेल्वे स्टेशनच्या मालधक्क्यामागे दोघं जण गर्द ओढताना सापडले आणि एरंडोलच्या तहसील कचेरीला एकदम जाग आली. प्रत्येक मोठ्या गावात व्यसनमुक्ती समिती स्थापन करा, असं पत्रक निघालं. आमच्या समितीचे अध्यक्ष चुडामणशेठ. त्यांची तंबाखूची एजन्सी आहे, तेव्हा या विषयातला गावातला सर्वांत जाणता माणूस तेच. सचिव मी, अभिमन सुपडू पाटील, वय एक्कावन्न, हायस्कुलात मराठीचा शिक्षक. माझी निवड दोन गुणांवर झाली. अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. चुडामणशेठ म्हणाले, "अक्षर कागदावर, आवाज माइकवर. सचिवाला आणखी काय लागतं?" ठराव एकमताने मंजूर झाला आणि लगेच तीन सभासद खिडकीतून बाहेर थुंकले.

अहवालाची वही वेगळी. ही माझी खासगी. अहवालात लिहिता येत नाही ते इथे लिहीन.

आवाज मात्र सध्या खणखणीत नाही. शाळेला लागून जिनिंग आहे. हंगाम सुरू झाला की कापसाची भुरभुर वर्गात येते आणि मी होळीपर्यंत खोकतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर रतिलाल यांनी छाती तपासून खोकल्याचं औषध लिहून दिलं. दोन चमचे, झोपताना, पाच दिवस. मुख्तारच्या मेडिकलमधून बाटली आणली. मुख्तार माझाच जुना विद्यार्थी, शुद्धलेखनात कच्चा पण माणूस पक्का. लेबल इंग्रजीत, त्यातही अक्षरं मुंगीएवढी, कोण वाचणार? चव गोड, मागून जराशी कडू. अर्ध्या तासात छाती मोकळी झाली आणि अशी झोप लागली की इंदिरेने सकाळी हलवून उठवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला मला हलवायची वेळ पहिल्यांदाच आली.

२ डिसेंबर, सोमवार

पाळधीला पहिलं व्याख्यान. पाच दिवस केव्हाच संपले, पण घसा ऐनवेळी दगा देईल म्हणून निघताना एक झाकण घेतलं. काय आवाज लागला! बायका पदराला डोळे पुसत होत्या. एका म्हाताऱ्याने बिडीचं बंडल माझ्या पायाशी आणून ठेवलं. (सभा संपल्यावर त्यानेच ते हळूच उचललं. असो.)

बोलताना अंगातून ऊब फिरत होती. समोरचा प्रत्येक माणूस जवळचा वाटत होता. आमचे हेडमास्तरसुद्धा. समाजसेवेत समाधान असतं म्हणतात ते हेच असावं.

१४ डिसेंबर, शनिवार

तहसील कचेरीतून तक्ता आला आहे. गावातील व्यसनाधीन व्यक्तींची यादी. अनुक्रमांक, नाव, वय, धंदा, व्यसनाचा प्रकार, किती दिवसांपासून. दरमहा भरून पाठवायचा.

चार दिवस गल्लोगल्ली फिरलो. दारूच्या गुत्त्यासमोर उभं राहून विचारलं तरी आतून उत्तर आलं, "आम्ही तर गप्पा मारायला बसलोय, सर." एकाही माणसाने नाव दिलं नाही. शेवटी तक्त्यावर तिरकी रेघ मारून वळणदार अक्षरात लिहिलं : निरंक. चुडामणशेठ खूश झाले. "गावाची अब्रू राखलीत."

२९ डिसेंबर, रविवार

पोट साफ होत नाही. आज पाचवा दिवस. इसबगोल, एरंडेल, कोमट पाणी, सगळं झालं. अंगाला खाज सुटते. इंदिरा म्हणते तुम्ही डोळे उघडे ठेवून झोपता. काल शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या डॉक्टरने माझ्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, "सर, तुमच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. काही औषध घेता का?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं खोकल्याचं.

एवढ्या कामाच्या व्यापात प्रकृतीकडे बघायला वेळ कुणाला आहे? व्याख्यानं आता आठवड्याला तीन होतात.

९ जानेवारी १९९२, गुरुवार

आज संताप संताप झाला. शाळेच्या मागच्या भिंतीशी रिकाम्या बाटल्यांचा ढीग सापडला. खोकल्याचं औषध! जिनिंगमधले जवान गडी आणि कॉलेजातून नापास होऊन परत आलेले पोट्टे उभ्या उभ्या अख्खी बाटली घशात ओततात म्हणे, आणि वर कडक गोड चहा. गर्द महाग, हे स्वस्त. बाटलीवरचं चित्र ओळखीचं निघालं. माझ्याच औषधाचं. इतक्या चांगल्या औषधाची ही विटंबना!

तातडीची सभा घेऊन ठराव लिहिला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध गावात कुणालाही मिळणार नाही, आणि घेणाऱ्याचं नाव दुकानदाराने वहीत लिहायचं. 'कुणालाही' या शब्दाखाली मी रेघ ओढली. सगळ्या मेडिकलवाल्यांच्या सह्या घेतल्या.

मुख्तारने सही करण्याआधी पेन हातात धरून विचारलं, "सर, सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना. माझ्या बापालासुद्धा."

त्याने पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

१७ जानेवारी, शुक्रवार

मुख्तारने मला औषध दिलं नाही! मला! हात जोडून म्हणतो, "सर, ठराव तुमचाच आहे." मी म्हटलं, ठराव व्यसनी लोकांसाठी आहे, मी खोकल्यासाठी घेतो. तो म्हणाला, "मग चिठ्ठी आणा ना, सर." डॉक्टर रतिलालकडे गेलो. ते म्हणाले, "खोकला कुठाय? खोकून दाखवा." माणसाने ऑर्डरप्रमाणे खोकावं काय? पण खोकला आलाच नाही. औषधाचा गुण!

२० जानेवारी, सोमवार

दोन दिवस फ्लू. नाक वाहतं, डोळे वाहतात, जांभयांवर जांभया, पोटात मुरडा, पाय असे दुखतात की कुठे ठेवू कळेना. अंगावर काटा. ज्या पोटासाठी महिनाभर इसबगोल खाल्लं ते आता थांबायला तयार नाही.

तसाच उठून बसने जळगावला गेलो. स्टँडजवळच्या एका दुकानात नाव-गाव न विचारता चार बाटल्या मिळाल्या. एक तिथेच उघडली. परतीच्या बसने पाळधी सोडली नाही तोच फ्लू गायब! जळगावची हवा मला मानवते. उरलेल्या तीन शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवल्या. घरी ठेवल्या तर इंदिरा उगीच काळजी करते.

३ फेब्रुवारी, सोमवार

अक्का आली. शेवंताअक्का, माझी मोठी बहीण, पाचोऱ्याला दिलेली. गालाचा कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलने कागद तपासले, तिला तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. भाचा सुरतेला एका खोलीत राहतो. मी म्हटलं, माहेर कशाला असतं मग?

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, अक्का बारा. तिला लिहिता येत नव्हतं. पण माझं अक्षर चांगलं यावं म्हणून ती पाटीवर माझा हात धरून नुसते गोल गोल फिरवायची. हे मोत्यासारखं अक्षर मुळात तिचं आहे.

आता तोंड नीट उघडत नाही, पण जीभ शाबूत आहे. खाटेवर टेकली आणि चुडामणशेठ भेटायला आले होते त्यांच्यासमोरच म्हणाली, "गावभरनं व्यसन सोडाडस मना भाऊ. बहीननी मिसरी काय त्याले दिसनी नई." पन्नास वर्षं ती मिसरी लावत होती. शेठ चहा अर्धा टाकून उठले.

५ फेब्रुवारी, बुधवार

अक्काच्या कळा बघवत नाहीत. कळ आली की ती पदराचा बोळा दातांत धरते आणि खाटेची दोरी मुठीत आवळते. ओरडत नाही.

डॉक्टर रतिलाल मला अंगणात घेऊन गेले. म्हणाले, "या दुखण्याला मॉर्फीन पाहिजे. ते अख्ख्या जिल्ह्यात नाही. नवा कायदा झाल्यापासून त्याला इतके परवाने लागतात की दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. माझंच औषध! तीन-तीन चमचे, दिवसातून चार वेळा. मी म्हटलं, "हिला खोकला नाही."

"त्यात कोडीन आहे, गुरुजी. अफूतूनच निघतं. पूर्ण नाही, पण थोडी कळ मारेल."

अफू! मग विचार केला. आपण खोकल्यासाठी घेतो, म्हणजे आपली अफू छातीत जाते. डोक्यात चढायचा प्रश्नच येत नाही.

मुख्तारकडे गेलो तर तिथे दुसराच घोळ. "सर, ठराव झाला त्या दिवसापासून मी ते मागवणंच बंद केलं. बाकीच्यांनीपण. वही कोण सांभाळेल, पोलीस कोण सांभाळेल? जळगावहून मागवतो, दोन दिवस लागतील."

दोन दिवस. ठरावातला 'कुणालाही' अक्कालाही लागू होता, हे रेघ ओढताना सुचलं नव्हतं.

नकाशांमागे तीन बाटल्या होत्या. शाळेत जाऊन एक आणली. इथे खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. तीन होत्या, एक आणली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जळगावला माझा सत्कार झाला. आमच्या ठरावाला आता 'धरणगाव पॅटर्न' म्हणतात आणि तो जिल्हाभर लागू झाला आहे. शाल, नारळ, टाळ्या. भाषणात एका साहेबांनी आकडा सांगितला, धरणगावात व्यसनी शून्य. मी मान लववली.

सत्कार आटोपल्यावर अंगावर शाल, हातात नारळ, अशा अवतारात पाच मेडिकल पालथी घातली. पाचही ठिकाणी मला ओळखलं. एकाने उठून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, परीक्षा बघता काय आमची? तुमच्या कृपेने एक बाटली ठेवत नाही."

बस सुटेपर्यंत जांभया सुरू झाल्या. नारळ बसमध्येच विसरलो.

३ मार्च, मंगळवार

रजा टाकून धुळ्याला गेलो. इंदिरेला सांगितलं, बोर्डाचं काम. ती म्हणाली, "बोर्ड तर नाशिकला आहे." बाईमाणसाने भूगोल शिकू नये. आग्रा रोडवर ट्रक थांबतात तिथल्या दुकानात दोन बाटल्या मिळाल्या, दुप्पट भावाने. पारोळा येईस्तोवर एक संपली.

६ मार्च, शुक्रवार

सकाळची शाळा सुरू झाली. बाराला घरी येतो. अक्काचा दुपारचा डोस माझ्याकडे आला, कारण त्या वेळी इंदिरा शेजारी पापड लाटायला जाते.

बाटली कोनाड्यात असते. अक्का डोळे मिटून पडली होती. अक्काचे तीन चमचे काढले, आणि चमचा हातात होताच. दोन चमचे. फार नाही. बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसू नये म्हणून गुळाचं पाणी घातलं. रंग हुबेहूब जमतो.

नंतर अक्काजवळ तासभर बसलो. लहानपणच्या गोष्टी काढल्या. गावातल्या लोकांच्या नकला केल्या. ती हसली. गाल दुखतो म्हणून हाताने गाल धरून हसली. मला वाटलं, चला, औषधापेक्षा भावाच्या गप्पांनी जास्त गुण येतो.

१९ मार्च, गुरुवार

अक्काला औषध पुरेनासं झालं आहे. दुपारी चारच्या सुमाराला फार तळमळते. इंदिरा म्हणाली, औषधातला दम गेलाय. डॉक्टर रतिलाल आले, बघून गेले, आणि तीनाचे चार चमचे केले. महिन्याच्या बाटल्याही वाढवून लिहिल्या.

ऐकून मला आनंद झाला. लिहून गेलो. आता खोडत नाही.

४ एप्रिल, शनिवार

अक्काचं खाणं पातळ पेजेवर आलं. आज पेजेचा वाडगा बाजूला सारून म्हणाली, "आखाजीलोंग जगसू मी. माहेरनी आखाजी सोडीसन कोन मरस? निंबले झोका बांधजो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि पुरुष राजरोस पत्ते कुटतात. त्या दिवशी जुगाराला पोलीसही काही म्हणत नाहीत, मग व्यसनमुक्ती समिती कोण? चुडामणशेठनी तर अध्यक्ष या नात्याने पत्त्यांचा नवा कॅट आणून ठेवला आहे.

मी झोका बांधीन म्हणालो. ती म्हणाली, तूच बांध, दुसऱ्याचा भरवसा नाही. मी कोनाड्याकडे बघत होतो.

मार्चचा तक्ता पाठवला. निरंक.

१६ एप्रिल, गुरुवार

बाटलीला मुंग्या लागल्या. कोनाड्यापासून खाटेपर्यंत रांग. इंदिरेने बाटली फडक्यात गुंडाळली आणि तडक मुख्तारच्या काउंटरवर आपटली. "औषधाला मुंग्या लागतात का रे?" दुकानात गिऱ्हाईकं होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मुख्तार भेसळीचा माल विकतो, मरणाऱ्या बाईलासुद्धा सोडत नाही.

मुख्तार स्वतः घरी आला. चेहरा पांढरा पडलेला. अक्काला सलाम केला आणि बाटलीतला एक थेंब जिभेवर ठेवला.

"सर, कंपनी साखर घालते. हा गूळ आहे."

मी म्हटलं, जळगावच्या गोडाऊनमध्ये झालं असेल. त्याने पिशवीतून नवी बाटली काढून इंदिरेच्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. जाताना मला ओट्यावर बोलावून हळूच म्हणाला, "दुपारी माझं दुकान जेवायला बंदच असतं. अक्कांचा डोस मी येऊन देत जाऊ का?"

मला राग आला. माझ्या बहिणीला औषध पाजायला मी मेलो काय? तसं म्हणालोही. तो मान खाली घालून गेला.

मागोमाग चुडामणशेठ आले. "सचिव, या मुख्तारची तक्रार लिहा. दुकानाला कुलूप लागलं पाहिजे." लिहिली. मजकूर चांगला उतरला, अक्षर तर फारच सुंदर आलं. टाकेन उद्या. सध्या सदऱ्याच्या खिशात आहे.

नव्या बाटलीचं बूच आज स्वतःसाठी उघडायचं नाही असं ठरवलं होतं. रात्री नऊ वाजेपर्यंत पाळलं.

२७ एप्रिल, सोमवार

तक्रार अजून खिशातच. मुख्तारच्या दुकानावर गिऱ्हाईक दिसत नाही. आज गुळाऐवजी साखर वापरली.

अक्का दिवसभर कण्हत होती. शेजारच्या बायका म्हणाल्या, इतकं औषध चालू आहे तरी? मी म्हटलं, रोगच वाईट.

५ मे, मंगळवार. आखाजी

हे लिहायला हात धजत नाही, पण आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

सकाळी निंबाला झोका बांधला. अक्काची खाट झाडाखाली आणली. गल्लीतल्या माहेरवाशिणी जमल्या, झोके घेत गाणी म्हणायला लागल्या. अक्काचे ओठ हलत होते. घरात खापरावरच्या पोळ्या चालल्या होत्या, ओट्यावर शेठ आणि मंडळींचा पत्त्यांचा डाव रंगला होता. बारा वाजता मी बाटली आणि चमचा घेऊन खाटेवर बसलो. मला जांभया येत होत्या. माझे दोन चमचे अजून झाले नव्हते, अंगणात सारखं कुणी ना कुणी होतं.

चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. तिने दोन बोटांनी तो माझ्याकडे वळवला.

"तू ले पहिले."

"काय?"

"तू ले. मंग माले दे. पन पानी नको घालू, भाऊ."

गाण्याच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. माझ्या मांडीवर औषध सांडलं. पंचवीस वर्षं प्रमाण मराठी शिकवली, पण त्या वेळी तोंडातून घरचीच बोली निघाली. "कवयपाईन माहीत शे तुले?"

"पहिल्याच दिनपाईन. तोंडले कॅन्सर व्हयना, पन जिभले गूळ समजस ना अजून."

"मंग बोलनी काबर नई?"

तिने झोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तू पेस तवय मनाजोडे घटकाभर बठस. गोठी सांगस. हासस. नई पेस तवय तू पयस. आज जळगाव, उद्या धुळं. दुखनं ते दुखसच. भाऊ ते जोडे बठस."

मी पळू नये म्हणून. म्हणजे दोन महिने. दोन महिने रोज दुपारी ती गुळाचं पाणी गिळून पदर दातांत धरत होती, आणि मी नकला करत होतो, आणि ती गाल धरून हसत होती. माझ्यासाठी. मला वाटलं होतं मी तिला हसवतोय.

मी सरळ बाटलीतून चार चमचे तिला पाजले. आजची बाटली निखळ होती, अजून मी हात लावला नव्हता. मग बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो, चुलीसमोर इंदिरेच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. जळगाव, धुळं, नकाशे, गूळ, साखर.

पोळी करपली. इंदिरा म्हणाली, "मला वाटलं होतं, जळगावला बाई ठेवलीय." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाई असती तर तिच्या दारात जाऊन बोंबलले तरी असते. बाटलीच्या दारात काय बोंबलू?"

खिशातली तक्रार चुलीत घातली. तिच्यावर एक पोळी भाजली गेली.

९ मे, शनिवार

चार दिवस लिहिलं नाही. फ्लू नव्हता तो. आता नाव माहीत आहे.

घरात दोन खाटा, एकीवर अक्का, एकीवर मी. डॉक्टर रतिलाल दोन्ही खाटांमध्ये स्टूल टाकून बसले. मला म्हणाले, "मरणार नाही. मरावंसं वाटेल तेवढंच." बरोबर बोलले. हाडं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. चार महिन्यांचं तुंबलेलं पोट एका दिवसात मोकळं झालं, संडासाच्या डब्याचा हँडल तुटला. अक्का तिच्या खाटेवरून हात लांब करून माझ्या कपाळावर ठेवते. मी ओरडतो. ती आयुष्यात कधी ओरडली नाही, म्हणून मी दोघांचं ओरडून घेतो.

बाटली इंदिरेच्या पेटीत, किल्ली तिच्या कमरेला. दुपारचा डोस द्यायला मुख्तार येतो. पहिल्या दिवशी त्याला बघून मी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने अक्काला औषध पाजलं, मग माझ्या खाटेशी आला, घामाने भिजलेली उशी उलटी केली आणि म्हणाला, "सर, निबंधात तुम्ही मला नेहमी सांगायचे, मुद्द्यावर ये." मी रडलो. तो थांबला नाही, दुकान उघडायचं होतं. आता गिऱ्हाईक परत येऊ लागलंय, कारण इंदिरेने गल्लीभर सांगून टाकलं की गूळ आमच्या घरचा होता. माझ्या अब्रूचं काय, हे तिला विचारायची हिंमत झाली नाही.

आज अक्का दुपारी सलग तीन तास झोपली. पदर दातांत नव्हता. घोरलीसुद्धा.

ती झोपलेली असताना तहसीलचा तक्ता काढला. एप्रिलचा पाठवायचा राहिला होता. अनुक्रमांक : १. नाव : अभिमन सुपडू पाटील. वय : ५१. धंदा : शिक्षक, तसेच सचिव, व्यसनमुक्ती समिती. व्यसनाचा प्रकार : खोकल्याचे औषध. किती दिवसांपासून : समिती स्थापन झाल्यापासून. शेरा या रकान्यात लिहिलं, हे औषध दुखणाऱ्या माणसाला मिळण्याची सोय करावी, ठराव लिहिणाऱ्याने त्याचा विचार केला नव्हता.

चुडामणशेठ तक्ता न्यायला आले. चष्मा लावून एकेका रकान्यावर बोट ठेवत वाचलं. माझा हात अजून थरथरतो, ओळी वरखाली झाल्या आहेत, एकही काना सरळ नाही.

शेवटी मोठ्याने म्हणाले, "सर, हे अक्षर तुमचं वाटत नाही."

मी म्हटलं, माझंच आहे, आणि जरा हळू बोला, अक्काला झोप लागलीय.